कोपराचं माप घेणारा मिस्त्री

आमच्या मिस्त्रीनं घरात पाऊल टाकलं की स्वयंपाकघराकडे बघायचं सोडून तो माणसांकडे बघायचा. पहिला प्रश्न ठरलेला. इथं रांधतं कोण? माझा मुलगा त्याला फोनमध्ये कपाटांचे रंग दाखवायला निघाला होता. त्याला हातानं थांबवून मिस्त्री म्हणाला, "रंग बाद में, बाबू. जो रोटी बनाती है उसको बुलाओ."

हे हॉलंडमधल्या रायस्वाइक गावचं सांगतो आहे. मी सातवी पास, साताऱ्याकडचा गवंडी. मुलाकडे तीन महिने राहून यायचं म्हणून आम्ही नवरा-बायको गेलो आणि करोनात विमानं बंद झाली. मुलगा, सूनबाई मृणाल आणि नात आधीच होती, त्यात आम्ही दोघं. सगळ्यांचं काम घरात, शाळा घरात, आणि जेवण दोन वेळा आमच्या हिच्या हातचं. मुलाची मेहुणी तेव्हा डेल्फ्टला शिकत होती, वसतिगृह बंद झाल्यावर तीही आमच्यातच होती. स्वयंपाकघर जुनं, कपाटांची दारं निखळलेली. मुलानं ते नवं करायचं ठरवलं आणि हा मिस्त्री मिळाला.

माणूस साठीचा, रंगानं आपल्यासारखा, पण भारत त्यानं डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पणजोबा बिहारातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून सुरीनामला गेले, हा लहानपणी तिथून हॉलंडला आला. बोलायचा ती हिंदी त्याच्या पणजोबांच्या वेळची असावी. त्याला माझी अर्धी कळायची, मला त्याची अर्धी. पुढचं त्याचं बोलणं मी बरंचसं आपल्या मराठीतच लिहितो.

तर हिला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. मिस्त्रीला तिचं कोपराचं माप हवं होतं. ताठ उभं राहून हात कोपरात वाकवायचा, कोपर जमिनीपासून किती वर आहे ते बघायचं, आणि ओटा त्याच्या थोडा खाली धरायचा. पण दीड मीटर लांब राहायचा नियम होता. मग त्यानं तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायला सांगितलं, पेन्सिल स्टुलावर ठेवली, मागं सरला आणि मला म्हणाला, "चाचा, निशान तुम करो."

मी खूण केली. ही म्हणाली, "अहो, नीट करा. नाहीतर परत तुमच्याच उंचीला बांधाल."

मी म्हटलं, "म्हणजे?"

तर ती माझ्याशी न बोलता मिस्त्रीला सांगायला लागली, आपल्या मोडक्या हिंदीत. "ये गवंडी है. सगळ्या गावाचे ओटे इनोंने बांधे. घर का भी बांधा. तीस बरस मैं पाट पे खडी रहके पोळ्या करती. खांदा गया मेरा."

तिच्या पायाखाली पाट असायचा हे मी रोज बघत होतो. मला वाटायचं, फरशी गार लागते म्हणून घेत असेल. मी म्हटलं, "मग सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं," ती म्हणाली आणि हसली. मिस्त्री हसला नाही. मान खाली घालून त्यानं आकडा वहीत लिहिला.

मुलगा म्हणाला, आई दोन-चार महिन्यांत परत जाणार, तिच्या मापाचा ओटा कशाला? त्यावर मिस्त्रीचं उत्तर मला पाठ आहे. "जितने दिन है, उतने दिन उसका हाथ दुखना चाहिए क्या?" नव्या कपाटांना खाली सुटे पाय असतात. तो म्हणाला, आता बुटके पाय लावतो, चाची गेल्या की लांब पाय लावून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याचे पैसे मागणार नाही.

कपाटं यायला महिने लागले. त्या वर्षी सगळंच अडकलेलं होतं. जानेवारीत बायको गेली. आठ दिवस दवाखान्यात होती. आत कुणालाच सोडत नव्हते. मुलानं फोनवर तिचा चेहरा दाखवला, तेवढंच. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मार्चमध्ये कपाटं आली आणि मिस्त्री आला. दारातूनच त्यानं विचारलं, "चाची?" सूनबाईनं सांगितलं. तो बाहेर जाऊन आपल्या गाडीत बराच वेळ बसून राहिला. मग आला, चादर अंथरून हत्यारं मांडली आणि कामाला लागला.

त्याचं काम मी गवंड्याच्या नजरेनं बघत होतो. खोट काढायला मी तयारच होतो, खरं सांगतो. जुनं सगळं उपटल्यावर मागच्या भिंतीनं पोट काढलेलं दिसलं. मला बरं वाटलं, गोऱ्यांची भिंतही पोट काढते म्हणून. मी असतो तर ठोकून, गिलावा करून सरळ केली असती. यानं फळी भिंतीला लावली, पेन्सिल भिंतीला घासत नेऊन फळीवर रेघ उमटवली आणि फळीच त्या पोटाच्या आकारानं कापली. मध्ये कागद सरकणार नाही अशी बसली. म्हणाला, "ही साठ वर्षं उभी आहे चाचा. आता तिला कशाला रागवायचं?"

घराचे हाल काय सांगू. फ्रिज जिन्याखाली, शेगडी बैठकीच्या टेबलावर, भांडी न्हाणीघरात. मुलगा आणि सूनबाई वर मिटिंगमध्ये, नातीची शाळा संगणकावर. मिस्त्रीनं पहिल्याच सकाळी पुठ्ठ्यावर सगळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या. भोकं पाडायची ती मिटिंगच्या मधल्या वेळात. नातीचं गणित चालू असताना तो फक्त पुसापुशी करायचा. म्हणायचा, "गणित मुझे नहीं आया, इसको तो आने दो." दुपारी अंगणात उलट्या क्रेटवर बसून घरची रोटी खायचा, आत चवळीच्या शेंगा आणि बटाटा. मी दाराच्या पायरीवर. मध्ये दीड मीटर. त्या दिवसांत माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. घरातले माझ्याशी बोलायला घाबरत होते, काही बोललं की मी रडेन असं त्यांना वाटायचं.

मग पायांचा दिवस आला. मुलगा म्हणाला, आता लांबच लावा.

मी म्हटलं, "बुटके लावायचे."

"बाबा, मृणालला वाकावं लागेल."

"लागू दे. तिचं माप घेतलंय."

सूनबाई जिन्यात उभी होती. म्हणाली, "चालेल मला बाबा, राहू दे."

मुलगा तोंड फिरवून वर गेला. मला वाटलं, मी जिंकलो. मिस्त्रीनं स्टुलावर पेन्सिल ठेवली, मागं सरला आणि सूनबाईला चौकटीपाशी उभं राहायला सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी खूण केली. आमच्या हिच्या खुणेच्या वर चार बोटं आली.

तो म्हणाला, "चाचा, घरी ओटा बांधताना तुम्ही चाचीला विचारलं नाही. ते जाऊ दे, तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे." आणि मग हळूच म्हणाला, "याद चौखट पे रखो. बहू की कमर में मत रखो."

माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. राग आला होता. तो उतरल्यावर आत काय उरलं ते माझं मला ठाऊक. आत येऊन म्हटलं, "लांब लाव."

"कब के निकालके रखे हैं," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी त्यानं सगळं रंगवलं, चौकटही. दोन खुणांपुरती वीतभर जागा सोडली. मुलाला ते विचित्र दिसलं, पण त्यानं राहू दिलं. निघताना मिस्त्रीनं लांबूनच हात जोडले. विमानं सुरू झाली आणि मी गावी आलो. दुसऱ्या वर्षी मुलानं फोनवर सांगितलं, मिस्त्री गेला, छातीच्या दुखण्यानं. आमचं नातं काहीच नव्हतं, तरी त्या दिवशी मी जेवलो नाही.

हात थरथरतात म्हणून मी आता थापी धरत नाही. पण गावात कुणी घर बांधलं की बघायला बोलावतात. परवा एका पोराच्या घरी गेलो. ओट्याच्या विटा रचायला घेतल्या होत्या. मी विचारलं, उंची कुणाची धरली? तो म्हणाला, सगळे धरतात तीच. मी म्हटलं, बायकोला बोलव, तिचं कोपर बघू.

तो हसला. "तिला काय विचारायचं काका, ती घेईल जमवून."

"माझीनं पण घेतलं जमवून," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मग आत बघून तिला हाक मारली.