अंगणातला आगीवरचा फ्रिज

ताईचा निरोप आला तो केरीच्या बसच्या कंडक्टरबरोबर. "फ्रिज थंड जायना, बेगीन यो." डिचोलीत माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे असले निरोप मला नवे नव्हते. पण ताईच्या घरी फ्रिजच नव्हता. कुणाचा फ्रिज, म्हणून कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "माका काय खबर? तुजे भयणीन सांगलां, तां हांव सांगतां." हत्यारांची पिशवी घेतली आणि दोन बस बदलून शुक्रवारी दुपारी केरीला पोचलो. वाटभर डोक्यात तोच भुंगा.

ताईच्या अंगणाच्या कडेला, माडांखाली, एक जुनी मोठी गाडी उभी होती. आत पलंग, चूल, टेबल, जनेलाला पडदे. दिवाळीनंतर एक परदेशी जोडपं आलं होतं, ते त्या गाडीतच राहत होतं. विहिरीचं पाणी ताईचं, अंगण ताईचं. त्या बदल्यात त्यांनी आपल्या फ्रिजात एक कप्पा ताईला दिला होता. त्या कप्प्यात भावजींचं इन्सुलिन होतं.

भावजी मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. साखर बरीच वर्षं होती, त्या पावसाळ्यापासून डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. केरीत तेव्हा वीज होती, पण ती आली की पाहुणीकडे बघावं तसे आम्ही तिच्याकडे बघायचो. चालू बाटली ताई माठाच्या आडोशाला ठेवायची. बाकीचा साठा पणजीहून एकदम आणलेला, तीन महिन्यांचा. आधीचा साठा असाच उन्हाने तापून गढूळ झाला होता. त्या औषधाच्या भरवशावर राहिलेले भावजी एका सकाळी न्हाणीघरात कोसळले होते. हे मला ताईने त्या दिवशी सांगितलं. त्याआधी मला पत्ता नव्हता.

भावजी सोप्यावर पाय वर घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "आयलो? बरें केलें. आयक, तुळशीच्या लग्नासावन तो थंड जायना. त्या दिसा आमी..."

"भावजी, तुम्ही पडून राहा. मी बघतो," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.

बारा वर्षं मी फ्रिज उघडत होतो. हा उघडला आणि मला काही कळेना. मागे कॉम्प्रेसर नाही. मोटर नाही. कान लावला तर आवाजही नाही. काळ्या वाकड्या नळ्या, आणि त्यांच्या तळाशी चक्क विस्तव. गॅसच्या सिलिंडरवर एक ज्योत जळत होती. मी गाडीवाल्याकडे बघितलं. तो उंच, लालबुंद, गुडघ्यापर्यंत लुंगी नेसलेला माणूस. त्याने ज्योत दाखवली, मग बर्फाचा कप्पा दाखवला आणि मान हलवली. म्हणजे विस्तवाने गार होतं. माझा विश्वास बसेना. मला वाटलं, हा माझी टर उडवतोय. गाडी त्याने कुणाकडून तरी जुनी घेतली होती. ज्योत पेटवायची कशी, यापलीकडे त्यालाही ठाऊक नव्हतं. एक अडाणी आणि दुसरा महाअडाणी, असे आम्ही दोघं त्या फ्रिजासमोर बसलो.

मग मला जे येत होतं ते मी करत गेलो. दारात पोस्टकार्ड धरून ओढलं, ते अडकलं. म्हणजे दाराचं रबर ठीक. ज्योत पिवळी होती, म्हणून गॅस सुटतो तो बारीक भोकाचा जेट काढला, फेणीत भिजवला, फुंकून वाळवला. ज्योत निळी झाली. मागची जळमटं काढली, धुराडं घासलं. मी खूष. ताईला म्हणालो, उद्या सकाळी बर्फ काढून दाखवतो.

शनिवारी सकाळी फ्रिजात हात घातला, तर आत आणि बाहेर सारखंच.

साठा तोवर शेजारच्या मासळीवालीच्या पेटीत होता. डबा, डब्यात फडकं, फडक्यात बाटल्या, आणि वर बांगडे. म्हापशाहून मासळीच्या टेम्पोबरोबर बर्फ यायचा. ताई तासातासाला जाऊन बघायची. बाटल्या तापल्या तर वाया, गोठल्या तरी वाया. शिवाय सोमवारी बर्फ येणार नव्हता. सोमवारी आमच्याकडे मासळी कुणी खात नाही, म्हणून टेम्पोही येत नाही. रविवारचा बर्फ सोमवारी दुपारपर्यंत पुरला तर पुरला. ताईने मला हे सांगितलं आणि भाताचं पातेलं उतरवायला गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी ठरवलं की दोष उन्हाचा. माडाची मल्लां, म्हणजे झावळ्यांच्या विणलेल्या चटया, घराच्या मागे रचलेल्या होत्या. आम्ही मांडवाला घालतो, पावसात भिंतीला लावतो, तशी ती मी गाडीच्या त्या बाजूला वरपासून खालपर्यंत बांधून टाकली. सावली झकास झाली. संध्याकाळी फ्रिजाच्या मागे हात घातला तर चटका बसला. गाडीला त्या अंगाला दोन जाळ्या होत्या, एक खाली आणि एक वर. फ्रिजाची ऊब तिथून बाहेर जायची, आणि मी दोन्ही बुजवल्या होत्या. लुंगीवाल्याने मल्लां सोडली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. त्या रागात मी त्याच्या बॅटरीवर एक लहान पंखा जोडला आणि वरच्या जाळीशी बसवला. हवा सरसरून वाहू लागली. फ्रिज मात्र ढिम्म.

रविवार असाच गेला. भावजी सोप्यावर पेपर वाचत होते. त्या वर्षी गोवा राज्य झाला होता, राजभाषेचा कायदा झाला होता आणि मराठी की घरची बोली, यावरून घरोघरी वाद होते. भावजींनी आयुष्यभर मराठी शिकवलं, घरात मात्र ते आम्ही सगळे बोलतो तेच बोलायचे. मधेच पेपर खाली ठेवून ते म्हणाले, "आतां आमची भास खंयची, तें आमकांच सोदूंक जाय." मी हूं केलं. माझ्या डोक्यात नळ्या होत्या. ते पुन्हा म्हणाले, "आनी गाडयेचें..." मी पाना शोधायला उठलो.

सोमवारी दहाच्या सुमारास ताईने गाडीतच पेज आणून दिली. टेबलावर ताट ठेवलं, शेजारी लोणच्याची फोड आणि खायला कुलेर, म्हणजे चमचा. मी ताटाकडे बघत राहिलो. पेज एका बाजूला ताटाच्या काठापर्यंत आली होती आणि दुसऱ्या बाजूला शितं उघडी पडली होती.

"ताट वाकडें कशाक ठेवलंस?"

"ताट सारकें आसा," ताई म्हणाली. "गाडीच कलंडल्या."

मी ताट फिरवलं. पेज पुन्हा त्याच अंगाला गेली. मी तसाच खाली उतरून मागे गेलो आणि त्या वाकड्या नळ्या पहिल्यांदा नीट बघितल्या. आपल्या फ्रिजात कॉम्प्रेसर गॅसला रेटून फिरवतो, फ्रिज थोडा तिरका असला तरी त्याला फरक पडत नाही. इथे रेटणारं कुणीच नव्हतं. विस्तवाने वर चढलेलं जे काही होतं, ते आपल्या वजनाने, उताराउताराने परत खाली यायला हवं. गाडी तिरकी असेल तर ते मधेच कुठेतरी साचून बसणार.

"ही गाडी पयलीसावन हांगाच आसा?" मी मागे आलेल्या ताईला विचारलं.

"ना रे. पयलीं मदीं आशिल्ली. तुळशीच्या लग्नाक आमी सगळ्यांनी धुकलून कडेक लायली. तुळशीक गाडयेची फाट बरी दिसना."

अंगणाच्या त्या कडेला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार ठेवलेला होता. तुळशीकडे गाडीची पाठ नको म्हणून गाडी कडेला ढकलली, आणि त्या दिवसापासून फ्रिज बंद पडला.

"मग माका सांगलें कशाक ना?"

ताईने सोप्याकडे बोट दाखवलं. "ह्यांणी सांगिल्लें तुका. पयल्याच दिसा. तू आयकलें ना."

मी लगेच मदतीला हाक मारली. शेजारी खोल्यांचं बांधकाम चालू होतं, तिथला कोल्हापूरकडचा गवंडी त्याची पाणसळ, म्हणजे उतार बघायची पट्टी, घेऊन आला. फ्रिजाच्या तळावर ती ठेवून म्हणाला, "दोन बोटं उतार हाय की वो हितं." आम्ही चार जणांनी जॅक लावून गाडीचं उताराकडचं अंग उचललं आणि त्या अंगाच्या चाकांखाली चिरे सरकवले. मासळीवालीच्या पेटीत तेव्हा बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं. ताईने डबा काढून माठातल्या पाण्यात ठेवला आणि वर ओलं पोतं टाकलं. ज्योत पेटवली. दुपारभर मी तिथून हललो नाही. चारच्या सुमारास वरच्या कप्प्याची भिंत बोटाला गार लागली. मला खरं वाटेना, म्हणून ताईला बोलावलं. तिने हात आत घातला, बराच वेळ तसाच ठेवला, मग पदराला पुसला. अंधार पडता पडता बाटल्या आत गेल्या.

मी हात धुवून सोप्यावर गेलो. भावजींनी पाय ओढून मला जागा केली. त्यांची पावलं सुजली होती. शुक्रवारपासून मी त्यांच्यासमोरून शंभर वेळा गेलो असेन, पण त्या पावलांकडे बघितलं नव्हतं. त्यांच्या औषधासाठी मी आलो होतो, आणि कसे आहात एवढंही विचारलं नव्हतं.

"भावजी, बरें दिसता मूं?"

"दिसता," ते म्हणाले. "थंड जालो?"

"जालो. तुमी सांगतालात, हांवें आयकलें ना."

"मास्तराक ताची संवय आसता," ते म्हणाले आणि पेपर उचलला.

उन्हाळा लागायच्या आधी गाडीवाले निघणार होते. बारा वर्षं मी डिचोली-साखळीतले फ्रिज गार करत आलो. सख्ख्या बहिणीकडे एक नेऊन ठेवावा, हे मला कधी सुचलं नव्हतं. वीज नसते, असं म्हणून विषय संपवायचो. फेब्रुवारीत दुकानातला एक जुना फ्रिज ठाकठीक केला, टेम्पोत घातला आणि केरीला नेला. वीज जाईल तेव्हा दार उघडायचं नाही, आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, असं ताईला समजावलं. मग फ्रिज तसाच दारात ठेवून सोप्यावर गेलो, भावजींच्या शेजारी बसलो आणि फ्रिज कुठे ठेवायचा ते विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. स्वयंपाकघराच्या जनेलाकडली जागा सांगितली. "पूण सारको धर. कलंडता कामा नये."

या फ्रिजाला कॉम्प्रेसर होता. थोडा कलला तरी काही बिघडणार नव्हतं, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं. मी ताटात पाणी घेऊन फ्रिजावर ठेवलं, ते दोन्ही अंगांना सारखं दिसेपर्यंत पायाखाली लाकडाची पाचर ठोकत राहिलो, आणि मग त्यांना बघायला बोलावलं.