मॅनेजरची मुंडी नळाखाली

सौदीतल्या अबकैकच्या आमच्या कंपनीच्या कॅम्पातल्या दवाखान्यात दापोलीकडचा एक पुरुष नर्स होता. सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. कुणाचे डोळे आले, की तो आधी ओरडायचा, "चोळलास तर हात बांधून ठेवीन! टॉवेल वेगळा कर आणि चालता हो!" औषध त्यानंतर मिळायचं.

एकदा आमच्या सौदी मॅनेजरच्या डोळ्यात कॉस्टिक सोडा उडाला. परदेशी माणसं काढून सौदी भरायचं काम याच मॅनेजरकडे होतं. ब्रदरने त्याची मुंडी धरून नळाखाली घातली आणि बोटांनी पापण्या फाकवल्या. मॅनेजर "खलास! खलास!", म्हणजे अरबीत 'पुरे! पुरे!', करून किंचाळू लागला.

"खलास मी म्हणेन तेव्हा!" ब्रदर मराठीतच गरजला. चांगला अर्धा तास डोळा धुतल्यावरच त्याने त्याला दम्मामच्या इस्पितळात जाऊ दिलं.

डोळा वाचला. पुढे ब्रदरच्याच जागी सौदी नर्स आला. निरोपाला मॅनेजर खजुरांचा डबा घेऊन आला. ब्रदरने त्याची पापणी वर करून डोळा निरखला आणि मला सांगितलं, "नजर एकदम साफ आहे याची. म्हणजे मला नीट बघूनच काढलंय."