मोरघारीच्या झाडाखाली तीन दिवस

"ताई, तुमच्या गरुडानं माझी चौथी कोंबडी नेली. दीर म्हणतोय, रविवारी झाडच पाडतो. यायचं तर आधी या."

गुरुवारी चंद्रकलामावशींचा हा फोन आला तेव्हा मी सिडकोतल्या घरी पाण्याचे ड्रम घासत होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष, नळाला आठवड्यातून एकदा, शुक्रवारी पाणी. असा दिवस सोडून आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नाही. पण नवरा म्हणाला, "ड्रम मी बघतो, तू तुझ्या गरुडाचं बघ." आवाजात टोमणा होता, पण ड्रम त्याने खरंच भरले, म्हणून माफ.

मावशींची वस्ती वेरूळच्या पलीकडे आहे. मागच्या वर्षी पक्ष्यांचे फोटो काढायला गेले तेव्हा ओळख झाली. त्यांच्या बांधावरच्या जुन्या पिंपरणीवर मोरघारीची जोडी घरटं करते. मोरघार नावाची घार, प्रत्यक्षात दणकट गरुड. ससा, तितर सहज उचलतो. यंदा घरट्यात एकच पिल्लू होतं आणि उडायला त्याला तीनेक आठवडे हवे होते. झाड पडलं की ते संपलंच.

शुक्रवारी सकाळी सहाला स्कूटर काढली. दौलताबादच्या वेशीतून पुढे घाट, घाटाच्या तोंडाशी टोपल्यांत अंजीर. घ्याच, पण वरचा थर बघून भुलू नका. वेरूळपर्यंत रस्ता चांगला, रमतगमत गेलात तरी तासाभराचा. लेण्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत मंदिराजवळ पोहे-चहा उरकला. पुढचा रस्ता मी लिहिणार नाही. घरट्याचा पत्ता सगळ्यांना कळला की काय होतं, ते वाचालच. एवढंच सांगते की मागच्या वर्षी जिथे तितरं ओरडत होती त्या माळावर आता सिमेंटचे खांब आणि प्लॉटिंगचे रंगीत झेंडे आहेत.

मी कायदा पाठ करून गेले होते. मावशींचे दीर ज्ञानूभाऊ बाजेवर बसले होते, कुऱ्हाड भिंतीला टेकलेली.

"भाऊ, घरट्याचं झाड पाडणं गुन्हा आहे," मी म्हटलं.

"आन् कोंबडी नेणं?"

मावशी चुलीपासून न उठताच म्हणाल्या, "कपाशी जळाली. पाण्यापायी म्हैस भैनीकडं धाडली. राहिल्या ह्या कोंबड्या. अंड्यावर माझं तेलमीठ चालतंय, ताई. मला बी पिल्लाची दया येती, पर मी काय करावं?"

माझा पाठ केलेला कायदा तिथेच संपला.

मग ज्ञानूभाऊ म्हणाले, "इतकी सालं त्यो झाडावर हाय. कधी दारात आला नाय. कोंबडी सोपी असती हे त्येला कुणी शिकवलं?"

उत्तर मला माहीत होतं. मागच्या वर्षी आम्हा चौघा फोटोवाल्यांना गरुडाची झेप हवी होती. मावशींकडून तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, विकत घेतल्या, एकेकीच्या पायाला दोरी बांधून कापलेल्या रानात खुंटीला अडकवल्या. सलग तीन दिवस. तो फोटो याच ब्लॉगवर आहे. "काय टायमिंग!" असं तुमच्यातल्या कित्येकांनी लिहिलंत. दोरी आणि खुंटी मी फोटोतून कापून टाकली होती.

"आम्ही शिकवलं," मी म्हणाले. "मी होते त्यात."

ज्ञानूभाऊंनी बाजेखालची काठी काढली. ती माझ्यापुढे केली. "मग राखा आता."

कोंबड्या राखायला कधी बसला आहात? एक पूर्वेला, एक पश्चिमेला आणि तिसरी तुमच्याच पायात. पण त्या दिवसात दोन गोष्टी कळल्या. गरुड नऊच्या सुमारास आणि चारनंतर येतो. आणि अंगणात लपायला काडीचाही आडोसा नाही, कारण कुंपणाची बाभूळ दुष्काळात शेळ्यांना आणि चुलीला गेली. संध्याकाळी भाकरी-ठेचा खाताना मावशीच म्हणाल्या, "वरून जाळं लावलं तर?"

शनिवारी कोंबड्या ज्ञानूभाऊंवर सोपवून आम्ही दोघी जीपमध्ये दाटीवाटीने बसून गंगापूरला आणि तिथून गोदाकाठी गेलो. पाणी इतकं मागे सरलं होतं की होड्या चिखलात पालथ्या पडल्या होत्या. एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी जुनं जाळं काढून दिलं. "घरात उंदरं खायलेत, न्या." पैसे घेईनात, तेव्हा मावशींनी पदराखालची अंडी त्यांच्या हातावर ठेवली. निघताना बाबा म्हणाले, "ताणून बांधा बरं. ढिलं पडलं की पाखराचा पंजा गुततो."

रविवारी बांबू रोवून जाळं ताणलं, कडेला बोरीच्या काट्या लावल्या. चारनंतर मोरघार आली. कुऱ्हाड घेऊन ज्ञानूभाऊ उभे, मी काठी घेऊन. ती खाली झेपावली, जाळ्यावरून सरळ वर वळली आणि माळाकडे गेली. बऱ्याच वेळाने पायात सरडा घेऊन परतली. एवढ्या मोठ्या पक्ष्याला एक सरडा! घरट्यात पिल्लू ओरडायला लागलं. ज्ञानूभाऊंनी माझी दुर्बीण मागितली आणि लवकर परत दिली नाही.

"उडूस्तोवर थांबतो," ते म्हणाले. "पर एक बी कोंबडी गेली, तर झाड गेलं."

मावशी मला स्कूटरपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "तलंगा तुमाला मीच इकल्या व्हत्या. कशाला नेताय, ठावं व्हतं मला. म्हणून तर फोन केला, ताई. एकटीनं कसं निस्तरायचं?" रागावून बोलावलंय असं समजून मी तीन दिवस मान खाली घालून वावरले होते आणि या बाईने माझ्या चुकीतला अर्धा वाटा आपणहून उचलला होता.

घरी येऊन तीन आठवडे झाले. रोज नऊला आणि चारला माझा जीव टांगणीला. मावशी या वयात दिवसातून दोनदा काठी घेऊन बसतात, त्यांचं बघून ज्ञानूभाऊही बसतात. हे उपकार मी फेडू शकत नाही. त्यांच्या वस्तीवर जाऊन आलेल्या माणसाने निदान ते मोठ्याने कबूल करावं, म्हणून हे लिहिलं.

काल दुपारी फोन आला.

"ताई, उडालं!"

"आणि कोंबड्या?"

"समद्या हायत."

"मावशी, फोटो काढला का?" माझ्या तोंडून सवयीने गेलंच.

"कशाला? आम्ही दोघं बघत व्हतो की."