शिवदोऱ्याची गाठ

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात मन्मथचा उजवा पाय सगळ्यांना माहीत आहे. आडत दुकानाच्या गादीवर तो बसला की पाय हलायला लागतो. शेजारचे सिद्रामप्पा सत्तरीचे, त्यांना ते बघवत नाही. "पाय हलवू नये बाबा, लक्ष्मी उठून जाते," असं ते दिवसातून दोनदा तरी सांगतात. मन्मथ पाय थांबवतो, मग नमुन्याच्या ताटलीतल्या तुरीवर त्याची बोटं वाजायला लागतात. बायको मंजुश्री म्हणते, झोपेतसुद्धा हे माणूस गप पडत नाही.

या पायामागं 'कोरडा नळ' होता. लातूरच्या चार पोरांनी काढलेला रॉक बँड. ज्यांचं बालपण घागरी घेऊन टँकरमागं पळण्यात गेलं, त्यांनी दुसरं काय नाव ठेवावं? मन्मथ नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकायला होता तेव्हा वसतिगृहातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर त्यानं त्यांचं 'टँकर' हे गाणं पहिल्यांदा ऐकलं. गिटार अशी करवादत होती आणि गाणारा भाषा बोलत होता थेट उदगीरच्या बाजारातली! त्या रात्री त्याला झोप आली नाही. पुढं गणितात तीनदा गटांगळी खाऊन तो घरी परतला, गादीवर बसला, लग्न झालं, लेक बालवाडीत गेली. डिग्री राहिली ती राहिलीच, गाणं मात्र सुटलं नाही. आणि एवढं असून बारा वर्षांत त्यानं बँड डोळ्यांनी पाहिला नव्हता. एकदा नेमकं स्वतःचं लग्न, एकदा वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकदा लॉकडाऊन. नशीबच फुटकं, दुसरं काय!

आता बँड मोडणार होता. शेवटचा कार्यक्रम नांदेडला, विष्णुपुरीच्या अलीकडं एका मैदानावर, फेब्रुवारीतल्या शनिवारी.

त्या सकाळी मन्मथ कुणाचा नव्हता. आंघोळ करून पूजेला बसला खरा, पण डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, दोन बोटं भस्म लावलं, मंत्र अर्धा मनात, अर्धा हवेत. पाठीमागं आई, जगदेवी, उभी होती.

"आरं, शिवदोरा विरलाय बघ. महिना झाला, नवा दोरा आणून देव्हाऱ्यात ठेवलाय. बांधून घे की."

"उद्या, अव्वा. उद्या नक्की."

लिंगाची चांदीची डबी त्यानं गळ्यात घातली, सैलसर गाठ मारली, वरून काळा टी-शर्ट चढवला आणि जिना उतरलाही. मुंजीएवढ्याच थाटात, आठव्या वर्षी लिंगायतांचे गुरू जंगमस्वामींनी ते लिंग त्याच्या गळ्यात बांधलं होतं. पूजेपुरतं सोडलं तर ते अंगावेगळं करायचं नाही, ही घरची रीत. रॉक ऐकणारा असला तरी मन्मथनं त्यात कधी चालढकल केली नव्हती.

गाडीत शेजारी वाजिद. पहिलीपासूनचा दोस्त, नगरपरिषदेच्या शाळेजवळ शिलाईचं दुकान. शर्टाच्या कॉलरला आतून दोऱ्यासकट सुई टोचलेली, ती तो लग्नातही काढायचा नाही. त्याला रॉकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "तू बारा वर्षं जे ऐकून राहिलास ते एकदा बघू दे तरी," म्हणून तो निघाला होता. मुखेडच्या बसस्टँडसमोर संघपाल चढला, वसतिगृहात मन्मथच्या खोलीत राहायचा, आता मुखेडलाच हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नांदेड येईपर्यंत मन्मथनं चारदा वेळ विचारली, तीनदा तिकिटं चाचपली.

"मन्मथ्या, हळू चालव," संघपाल म्हणाला. "कार्यक्रम सातला हाय, आत्ता चार बी न्हाई वाजले."

"गर्दी राहते बाबा. म्होरं जागा पाहिजे."

म्होरं जागा मिळाली. रंगमंचापासून वीस पावलांवर. अंधार पडला, निळे दिवे लागले आणि ढोलाचा पहिला ठोका छातीत बसला. मन्मथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्याला त्याची लाजही वाटली नाही. वाजिदनं दोन्ही कानांवर हात ठेवले, मग काढले, मग मान डोलवायला लागला. पण मन्मथच्या जिवाला स्वस्थता कुठली! एकेक गाणं संपत होतं आणि 'टँकर' येत नव्हतं. हे संपलं की ते, ते संपलं की पुढचं. मोंढ्यात सौदा ठरेपर्यंत जसा जीव वर-खाली होतो तसा त्याचा होत होता.

शेवटी गाणाऱ्यानं माईक गर्दीकडं वळवला आणि विचारलं, "पाणी आलं का?"

"न्हाई!" मैदान ओरडलं.

हेच ते. या गाण्याची सुरुवात अशीच व्हायची. मन्मथ हवेत उडाला. इतकी वर्षं गादीवर अडकलेला पाय सुटला होता. तो उड्या मारत होता, संघपाल उड्या मारत होता, हजारो पोरं उड्या मारत होती. कुणाचा तरी कोपर लागला, कुणी तरी खांद्यावर पडलं, टी-शर्ट ओढला गेला.

आणि त्याला छाती हलकी लागली.

त्यानं हात आत घातला. दोरा नव्हता. डबी नव्हती. गळ्याला नुसता घाम.

गाणं सुरूच होतं, पण मन्मथला त्यातलं काही ऐकू येईना. तो गुडघ्यांवर बसला आणि पायांच्या जंगलात हात फिरवायला लागला. माती, बाटल्यांची झाकणं, कुणाची तरी चप्पल. एकानं त्याच्या बोटांवर पाय दिला. "काका, जास्त झाली का?" एक पोरगं हसलं. संघपाल खाली वाकला, कानात ओरडला, "काय हरवलं?"

"लिंग! गळ्यातलं लिंग!"

मोबाईलची बत्ती लावून संघपाल पोरांना ढकलायला लागला, "सरका, सरका रे!" कोण सरकतंय! लोट एकदा पुढं, एकदा मागं. पाच मिनिटांपूर्वी आपण नेमके कुठं उभे होतो हेही मन्मथला सांगता येईना. घशाला कोरड पडली. संघपालनं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं हातानं मागं सारली. लिंग गळ्यात नसताना पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हे त्याला आईनं लहानपणी सांगितलं होतं. आईला काय सांगायचं? गाण्यात नाचताना हरवलं? पोरांनी तुडवलं? उद्या बांधतो म्हणालो होतो तो दोरा तुटला? सकाळची ती अर्धीमुर्धी पूजा आठवली आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"पाणी आलं का?" वरून माईक विचारत होता.

"न्हाई!"

तेवढ्यात त्याला वाजिद दिसला. डावीकडं पंधरा पावलांवर, गर्दीच्या ऐन मध्यात, रंगमंचाकडं पाठ करून. दोन्ही हात पसरलेले, पाय फाकलेले. शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा होता. नाचत नव्हता, शोधत नव्हता, जागचा हलतही नव्हता. तोंड मात्र उघडं. गाणं म्हणत असणार.

मन्मथच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघ! बघ त्याला!" तो संघपालला म्हणाला. "आपण धूळ चाटून राहिलो अन् हा मजा बघतोय. त्याचं काय जातंय म्हणा. त्याचा देव थोडाच हरवलाय!"

संघपालनं बत्ती खाली केली, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा वाकला. मन्मथनं तिथूनच वाजिदला दोन कचकचीत शिव्या हासडल्या. पंचवीस वर्षांच्या दोस्तीत दिल्या नव्हत्या तसल्या.

'टँकर' संपलं. बँडनं हात जोडले, वाकून निरोप घेतला, मोठे दिवे लागले. पोरं गळ्यात गळे घालून रडत फाटकाकडं निघाली. ज्यासाठी बारा वर्षं काढली ते गाणं मन्मथनं गुडघ्यांवर बसून घालवलं होतं. तो उठला आणि तडक वाजिदकडं निघाला, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून.

वाजिद अजून तसाच उभा होता. हात पसरलेले, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं, रक्त चपलेत उतरलं होतं. आणि त्याच्या दोन पायांच्या मधोमध, मातीत, तुटलेल्या दोऱ्यासकट चांदीची डबी. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"लवकर घे बाबा," वाजिद घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पाय सुन्न झालाय. डबी पडलेली दिसली तवापासून बोंबलून राहिलो, मन्मथ, मन्मथ. या भोंग्यापुढं कोण ऐकतंय!"

मन्मथ खाली बसला. डबी उचलून त्यानं कपाळाला लावली.

"उचलायचं न्हाई का तू? खिशात टाकायचं!"

"काकूंनी सांगितलेलं हाय. चौथीत असताना तुमच्या घरी आलो, तू डबी दाखवली, मी हात लावाया गेलो. काकू म्हणल्या, हात काढ, ज्याचं त्यानंच धरायचं राहतं."

मन्मथला यातलं काही आठवत नव्हतं. वाजिदला सगळं आठवत होतं.

"मी तुला शिव्या दिल्या," मन्मथ म्हणाला.

"दिसलं की. तोंड हलून राहिलं होतं." वाजिद हसला. मग दोऱ्याची टोकं बघून म्हणाला, "डबी मुठीत घट्ट धर. मी नुसता दोरा धरतो. दोऱ्याला चालतंय ना?"

मन्मथनं मान खाली केली. वाजिदनं कॉलरमधली सुई काढली, टोकं एकावर एक धरली, चार टाके घातले आणि वर शिंप्याची बारीक गाठ मारली. संघपालनं आता बाटली पुढं केली. मन्मथनं आधी ती वाजिदला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथ पूजेला बसला तेव्हा जगदेवीची नजर दोऱ्यावर गेली.

"ही गाठ तुझी न्हाई."

मन्मथनं सगळं सांगितलं. स्वतःच्या शिव्यासुद्धा लपवल्या नाहीत. चौथीतली गोष्ट आली तेव्हा जगदेवी भिंतीला टेकली.

"मी असं म्हणले होते? लेकराला?"

"म्हणली असशील, अव्वा. रीतच हाय ती."

"रीत हाय. पण 'हात काढ' म्हणायची काही रीत न्हाई." ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. दुपारपर्यंत तिचं चित्त कशात लागलं नाही. पायाचा रोग मन्मथला कुणाकडून आला हे मंजुश्रीला त्या दिवशी कळलं.

चारच्या सुमाराला जगदेवी देव्हाऱ्यातला नवा दोरा घेऊन निघाली. मन्मथ मागोमाग गेला. वाजिद अंगठ्याला पट्टी बांधून मशीनवर बसला होता. काकूंना दारात बघून तो गडबडून उठला, स्टूल पुसायला लागला.

जगदेवी स्टुलावर बसली. स्वतःच्या गळ्यातली डबी तिनं मुठीत धरली, नवा दोरा त्याच्या मशीनवर ठेवला आणि पदर सारून मान वाकवली.

"माझाबी दोरा विरलाय बाबा," ती म्हणाली. "तुझ्या हातची गाठ मार."

वाजिदनं मन्मथकडं बघितलं. मग दोन्ही हात पँटला पुसले आणि कॉलरमधली सुई काढली.