औदुंबराकडे मागणं

आमच्या सोसायटीत औदुंबराला दर गुरुवारी प्रदक्षिणा घालतात. त्याच औदुंबरावर गेल्या महिन्यात पंपाने औषध मारलं. सेक्रेटरी सुनंदाताईंना पिकल्या उंबरात किडे सापडले होते. "देवाचं झाड, ते स्वच्छ नको?" त्या म्हणाल्या.

डोकंच फिरलं माझं. अहो, त्या किड्यांवरच झाडाचा वंश चालतो! उंबराची फुलं फळाच्या आत दडलेली. तिथे शिरून ती फळवते एक चिलटाएवढी माशी, उंबरातच जन्मलेली. या झाडाचा वास तिला कुणी शिकवत नाही, तो आईकडून रक्तातच येतो. असंख्य पिढ्या झाड माशीच्या मापाने घडत गेलं आणि माशी झाडाच्या. या सोयरिकीवर बुलबुल पोसले, वटवाघळं पोसली. आणि आपण मध्ये पंप घेऊन घुसतो, वर हात जोडायला मोकळे!

आज गुरुवार. माशी न आल्याने न फळलेली हिरवी उंबरं पारावर गळून पडली होती. सुनंदाताईंनी ती पायाने बाजूला सारली आणि प्रदक्षिणा सुरू केली.

"काय मागता हो याच्याकडे?" मी चिडूनच विचारलं.

"सुनेची कूस उजवू दे म्हणते. दुसरं काय मागणार?"