मालगाडीएवढा दम

माणसाच्या छातीत मालगाडीएवढा दम मावतो, यावर आमच्या कबड्डीच्या सरांइतका विश्वास असलेला माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात झाला नाही. पूर्णा जंक्शनजवळ रुळांलगतच्या मोकळ्या जागेत ते आम्हा कॉलेजच्या पोरांना ओळीने उभं करत. मालगाडीचं इंजिन समोरून गेलं की "कबड्डी कबड्डी" सुरू, आणि दम तुटेपर्यंत डबे मोजायचे. आम्ही विसाच्या आत गारद. सर मात्र शेवटच्या डब्यापर्यंत घुमत राहायचे आणि वर त्यातल्या गार्डाला हातही करायचे. गाडी लेट, तर सरावही लेट. खेळाडू निवडताना ते कुणाच्या दंडाकडे ढुंकूनही बघत नसत. एसटीच्या पासवरून मी कॉलेजच्या क्लार्कशी एका दमात भांडताना त्यांनी ऐकलं आणि मला ओढतच नेलं. "लय बोलायलायस. चल मैदानावर."

नोकरी कायमची नव्हती; दरवर्षी कॉलेज नवं. जातील तिथं सर शून्यातून संघ उभा करायचे आणि पुढच्या वर्षी त्याच संघाविरुद्ध नवा संघ घेऊन उतरायचे. आमच्यानंतरच्या कॉलेजानं त्यांना शब्द दिला होता, जिल्ह्याची ढाल आणा, कायम करतो. अंतिम सामना नेमका आमच्याशीच पडला. शेवटच्या चढाईत त्यांच्या चौघांनी मला दाबलं. पकड सरांनीच शिकवलेली, सुटणार कशी? मधली रेघ हातभर लांब, दम संपत आलेला. एवढ्यात मैदानाबाहेरून सरांचाच आवाज आला, "दम सोडू नको रं! गाडी जायचीय अजून!" मी आता समोरच्या संघाचा, हे ते साफ विसरले होते. मी रेघ शिवली. आम्ही जिंकलो आणि सरांची नोकरी गेली. मी पाया पडलो, पण मान वर करवेना. ते म्हणाले, "रडायला काय झालं? चौघं अंगावर असताना दम टिकवलास. अजून काय पायजे मला?" एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता सर रुळांजवळच राहतात, दम्यानं बेजार. परवा भेटायला गेलो तेव्हा मालगाडी आली आणि सरांचे ओठ हलू लागले. मी मनात डबे मोजत होतो. नवव्याला आवाज तुटला. खोकला ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "किती झाले?"

"एक्केचाळीस, सर."

बाहेर गाडी अजून खडखडत होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं हाय," ते म्हणाले. "उद्या गार्डापर्यंत जाऊ."