तळ्यात सोडलेले मांगूर

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी मासळी बाजारावरून जाताना ते प्रकरण मला आठवतं.

पुण्याच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच सात-आठ मच्छीमार आत शिरले. पुढे त्यांच्या संस्थेचे वयस्कर अध्यक्ष. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक घमेलं ठेवलं. आत हातभर लांबीचा, मिशा असलेला काळा मासा. पाणी बोटभरच, तरी मासा जिवंत.

"साहेब, ह्यो परदेशी मांगूर. सरकारनं बंदी घातलीय ह्याच्यावर. कुणीतरी आमच्या तळ्यात आणून सोडतंय. रोहू-कटल्याची बोटुकली आम्ही सोडायची, आन् ह्यानं गिळायची. जाळ्यात आता ह्योच येतो."

बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. तळं संस्थेने ठेक्याने घेतलेलं होतं आणि वस्तीतली सगळी घरं त्यावरच चालत होती.

त्यांचा संशय शेजारच्या एका बागायतदारावर होता. त्याच्या हौदांत पूर्वी मांगूर सापडले होते आणि मत्स्य विभागाने ते नष्ट केले होते. आदल्या दिवशी त्याच्या फाटकावर शिवीगाळ झाली होती, एका तरुणाने कोयताही उगारला होता. खरं सांगायचं तर मला माशापेक्षा कोयत्याची काळजी जास्त होती. स्टेशन डायरीत नोंद केली आणि बागायतदाराला बोलावून घेतलं.

त्याला मी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तोच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला. पाठ केलेलं उत्तर शब्दाला शब्द सारखं येतं. याचे शब्द दर वेळी बदलत होते, हकीकत बदलत नव्हती. शेवटी तो वैतागला.

"अहो साहेब, मांगूर बाजारात विकला तर पैसे येतात. तळ्यात फेकायला मला काय वेड लागलंय?"

हे मला पटलं. त्याला जाऊ दिलं.

दोन दिवसांनी तळ्याच्या बांधावर कणसं भाजणारी एक बाई आमच्या हवालदाराला म्हणाली, "दर सोमवारी सकाळी एक बाई रिक्षानं येत्यात. बादली पाण्यात उपडी करत्यात, हात जोडत्यात आन् जात्यात. मला वाटलं, निर्माल्य आसंल."

पुढच्या सोमवारी एका महिला शिपायाला घेऊन मी साध्या वेशात बांधावर थांबलो. रिक्षा आली. साधारण पासष्टीच्या बाई, सुती साडी, जाड चष्मा. पंचा बांधलेली बादली त्यांनी कशीबशी काठापर्यंत नेली. पाच मांगूर पाण्यात सरकले. मी ओळख सांगितली तेव्हा त्या जराही गडबडल्या नाहीत.

"मी मासे सोडते, पकडत नाही. यात गुन्हा कुठला, ते आधी सांगा."

ठाण्यात महिला शिपायासमोर जबाब झाला. बाई निवृत्त शिक्षिका, कोथरूडला राहणाऱ्या. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी, डायलिसिस चालू. कोणीतरी सांगितलं होतं की मरणाच्या दारातला जीव सोडवला, तर घरच्या माणसाचं आयुष्य वाढतं. तेव्हापासून त्या दर सोमवारी मासळी बाजारात जात होत्या.

"पण मांगूरच का?" मी विचारलं.

"बाकीचे मेलेले असतात हो. हे तेवढे श्वास घेत असतात."

तपास तिथेच संपला.

मत्स्य विभागाचे अधिकारी आले, आबांनाही बोलावलं. पंचांसमोर जाळ्यातला एक मांगूर चिरला. पोटातून रोहूची नऊ पिल्लं निघाली. ज्या घरात अंडंही येत नव्हतं, त्या घरातल्या बाई टेबलाजवळ उभं राहून ते बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"माझ्या हातून तुमचं नुकसान झालं," त्या आबांना म्हणाल्या.

आबांनी टेबलावरची पिल्लं एका बाजूला सारली. मग म्हणाले, "बाई, तुमी मालकासाठी केलं. पर आमच्या घरात बी खाणारी तोंडं हायती."

बाईंना समज देऊन सोडलं. विक्रेत्याची माहिती मत्स्य विभागाला कळवली. मच्छीमारांना घेऊन मी बागायतदाराकडे गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की याचा दोष नव्हता, चूक माझी झाली. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर संस्थेने रोज जाळी ओढून मांगूर काढले. पुष्कळ निघाले, सगळे निघाले नाहीत. हा मासा चिखलातही तग धरतो.

दिवाळीनंतर बाई ठाण्यात आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या.

"हे गेले. एकच विचारायचंय. मी सोमवार बंद केले म्हणून गेले का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मान हलवली आणि उठल्या.

तपास करताना आम्ही आधी बघतो की फायदा कोणाचा. त्यामुळे ज्याला फायदा नाही, त्याच्याकडे आमची नजरच जात नाही. इथे नुकसान करणाऱ्या बाई रिकाम्या हाताने घरी जात होत्या आणि मी मात्र एका निर्दोष माणसाला दिवसभर बाकावर बसवलं होतं. पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना ही चूक मी आवर्जून सांगत असे. बाईंना दिलेलं उत्तर मात्र कधी सांगितलं नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात मी आयुष्यभर 'मला माहीत आहे तेवढंच' बोललो. मला माहीत नसताना ठामपणे 'नाही' म्हणालो, ते फक्त त्या दिवशी.